मलाखीचे अर्धे वचन

विवाहाच्या रौप्यमहोत्सवाची मिस्सा असो, महिला मंडळाची रिट्रीट असो किंवा लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींचा तयारीवर्ग असो, आमच्या व्यासपीठावरून मलाखी संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील सोळावे वचन हटकून ऐकू येते. परमेश्वराला घटस्फोटाचा तिटकारा आहे, एवढा आशय सांगून प्रवचनकार पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आणि समोरच्या बाकावर बसलेली एखादी स्त्री, जी त्याच सकाळी दंडावरचा वळ झाकण्यासाठी पदर नीट लपेटून आलेली असते, ती समजून चुकते की आपल्याविषयी देवाचे म्हणणे काय ते ठरलेले आहे. वास्तविक ते वचन तेथे संपत नाही. त्याला उत्तरार्ध आहे, तो हिंसेविषयी आहे, आणि तो आमच्या प्रवचनांतून इतक्या नियमितपणे गळतो की ही केवळ विस्मृती असावी असे मानणे आम्हांला कठीण जाते. प्रस्तुत लेखात या गळतीचा विचार करावयाचा आहे.

हिब्रू संहितेतील हे वचन अवघड आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंपरेने जतन केलेल्या मासोरा संहितेत क्रियापद तृतीय पुरुषी आहे. द्वेष करणारा 'तो' कोण? जुन्या भाषांतरकारांपैकी अनेकांनी तो परमेश्वर मानला. काहींनी तर प्रथम पुरुष योजून ते वाक्य परमेश्वराच्याच तोंडी घातले. उलट सेप्टुअजिंट हे प्राचीन ग्रीक भाषांतर व मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेली बारा संदेष्ट्यांची गुंडाळी यांत द्वेष करणारा आहे तो नवरा. जेरोमच्या लॅटिन भाषांतराचा कलही तिकडेच आहे. अलीकडील काही भाषांतरांनी हाच अर्थ स्वीकारला असून, बायकोचा द्वेष करून तिला घालवून देणाऱ्या माणसावर हे वचन रोखलेले आहे असे ते मानतात. म्हणजे ज्या पूर्वार्धावर आम्ही एवढी इमारत उभारतो, त्याविषयीच पंडितांत मतभेद आहेत. उत्तरार्धातील हिब्रू शब्द मात्र स्वच्छ आहे. तो शब्द 'हामास'. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात जलप्रलयापूर्वी पृथ्वी ज्याने भरून गेली होती असे म्हटले आहे, तोच हा शब्द. हिंसा, जुलूम, बळजोरी. असा पुरुष आपले वस्त्र हिंसेने झाकतो, असे संदेष्टा म्हणतो.

वस्त्राचा उल्लेख सहज आलेला नाही. रूथ खळ्यावर बवाजाला आपल्यावर वस्त्र पसरण्याची विनंती करते. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर यरुशलेमेवर आपले वस्त्र पसरून तिच्याशी करार करतो. वस्त्र पसरणे ही विवाहाची व संरक्षणाची खूण होती. ज्या वस्त्राखाली स्त्रीला आसरा मिळावयाचा तेच वस्त्र हिंसेने माखले, हा मलाखीचा आरोप आहे, आणि तो पुरुषावर आहे. आपल्या मराठीत 'पांघरूण घालणे' याचा एक अर्थ आसरा देणे आणि दुसरा अर्थ दोष दडवणे. चर्चने यांपैकी कोणते पांघरूण घातले, हा प्रश्न आहे.

शिवाय हे वचन कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार नवऱ्याचा होता. तारुण्यातील सहचारिणीशी विश्वासघात करून तिला वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषांना संदेष्टा खडसावत आहे. त्याआधीच्या चौदाव्या वचनात तर परमेश्वर स्वतः त्या पत्नीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभा आहे. जीव वाचवण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला परत पाठवण्यासाठी हे वचन वापरणे म्हणजे साक्षीदाराला आरोपीच्या बाजूने उभे करणे होय.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. दीक्षा होऊन फार वर्षे झाली नव्हती आणि आम्ही सीमाभागातील एका धर्मग्रामात होतो. एका शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर एक बाई दोन मुलांना घेऊन आली. माहेर दूर, भाऊ मनावर घेईना. नवरा मारतो, एवढेच तिने सांगितले. आम्ही तिला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याविषयी सांगितले, तिच्यासोबत घरी गेलो, नवऱ्याला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि एक संसार वाचवला या समाधानाने परतलो. अडीच महिन्यांनी ती सिस्टरांच्या दवाखान्यात आली तेव्हा मनगट मोडलेले होते. सिस्टरांना तिने विनवले, ''फादरना कळवू नका, ते पुन्हा नेऊन सोडतील.'' हे वाक्य आमच्यापर्यंत पोचायला आणखी एक वर्ष लागले.

आम्ही त्या दिवशी काय चुकलो? नियत वाईट नव्हती. आम्ही मारहाणीला भांडण समजलो. भांडणात दोघे बोलतात, दोघांनाही राग येतो आणि दोघांनाही निवांत झोप लागते. जेथे एक बोलतो व दुसरी त्याच्या पावलांच्या आवाजावरून दिवसाचा अंदाज बांधते, तेथे भांडण नाही, सत्ता आहे. ही सत्ता ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी वळ दिसेलच असे नाही. पगार हातात न ठेवणे, माहेरी फोन करू न देणे, मिस्सेला एकटीला न सोडणे, मुलांना हत्यार म्हणून वापरणे, 'जीव देईन' किंवा 'जीव घेईन' अशा धमक्या, अंथरुणावरील बळजोरी, आणि या सर्वांनंतर चार दिवसांची अश्रुपूर्ण माफी, मग पुन्हा तेच. अशी स्त्री आमच्याकडे आली तर सहसा मारहाणीची तक्रार घेऊन येत नाही. ती नवऱ्याच्या 'स्वभावासाठी' मिस्सा ठेवण्यास येते, किंवा कन्फेशनमध्ये स्वतःच्याच रागाचे पाप सांगते. बहुधा तिचे पहिले शब्द धर्मशिक्षकाच्या कानी पडतात, त्याहूनही आधी त्याच्या पत्नीच्या. म्हणून हा लेख आम्ही धर्मशिक्षकांनाही तेवढ्याच निकडीने लिहीत आहोत.

मलाखीच्या जोडीला दुसरे वचन येते ते इफिसकरांस पत्रातील, ज्यातील 'अधीन' हा शब्द आमच्या विवाहप्रवचनांचा जणू कणा झाला आहे. पाचव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात, सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी दोन महत्त्वाच्या प्रतींत, म्हणजे सुमारे २०० सालच्या पपायरस ४६ मध्ये आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकन प्रतीत, हे क्रियापदच नाही. वाक्य आपले क्रियापद आधीच्या एकविसाव्या वचनातून उसने घेते, आणि तेथे सर्व श्रद्धावंतांनी ख्रिस्ताच्या आदरापोटी एकमेकांच्या अधीन होण्याविषयी सांगितले आहे. तेव्हा बाविसाव्या वचनापासून वाचन सुरू करणे म्हणजे वाक्य अर्ध्यातून उचलणे. पुढचा हिशेब तर कोणीही करून पाहावा: पत्नींना तीन वचने, आणि त्यानंतरचा जवळजवळ सर्व भाग पतींना; त्यांत स्वतःला देऊन टाकण्याचे व स्वतःच्या देहाप्रमाणे पत्नीला पोसण्याचे बंधन. जो हे बंधन रोज मोडतो, तो पत्नीला मात्र तिच्या तीन वचनांची आठवण करून देऊ शकतो काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात (परिच्छेद १५४ व १५६) पत्नीच्या अधीनतेचा हा भाग त्या काळच्या सांस्कृतिक पेहरावातला आहे असे स्पष्ट केलेले आहे. ते आमच्या प्रवचनांत फारसे उतरलेले दिसत नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्राविषयी थोडक्यात सांगतो. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ज्या पतींचा उल्लेख आहे ते वचन न मानणारे आहेत. बाप्तिस्मा घेतलेल्या, चर्चच्या समितीवर बसलेल्या पतीने त्यांच्या रांगेत उभे राहावयाचे असल्यास तसे त्याने जाहीर करावे. त्याला उद्देशून आहे ते सातवे वचन, आणि पत्नीचा मान न राखल्यास त्याच्याच प्रार्थनांना अडथळा येईल असा इशारा त्यात आहे. शिवाय या उपदेशाची सुरुवात 'तसेच' या शब्दाने होते, कारण त्याआधी कठोर धन्याचीही चाकरी करणाऱ्या दासांना उपदेश आहे. त्या उतान्याच्या आधारे आज कोणी गुलामगिरीचे समर्थन करीत नाही.

पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र मात्र आम्ही विसरतो. सातव्या अध्यायात प्रभूची आज्ञा सांगून झाल्यावर लगेच तो पत्नी वेगळी झालीच तर काय, याचा विचार करतो: तिने अविवाहित राहावे किंवा समेट करावा. वेगळे होण्याची शक्यता प्रेषिताने स्वतः गृहीत धरली आहे. समेट हा त्यातील एक पर्याय आहे; आम्ही तो एकमेव केला.

आता संत मोनिकेकडे वळू, कारण वचनांपेक्षा उदाहरणे मनात खोल जातात. २७ ऑगस्टला महिला मंडळापुढे मोनिकेचे चरित्र सांगितले जाते ते असे: तापट, बाहेरख्याली पती, सोशीक पत्नी, अखेरीस पतीचे परिवर्तन. हे सर्व ऑगस्टीनच्या 'कबुलीजबाबा'च्या नवव्या ग्रंथातून येते. तेथेच तागास्ते गावातील इतर स्त्रियांचाही उल्लेख आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर मारल्याच्या खुणा असत. मोनिका त्यांना काहीशा थट्टेच्या सुरात, पण गंभीरपणे, सल्ला देई की विवाहाचा करार वाचून दाखवला गेला त्या दिवसापासून आपण दासी झालो असे समजावे आणि धन्यापुढे मान वर करू नये. ऑगस्टीन पुढे सांगतो की ज्यांनी तो सल्ला मानला त्यांनी तिचे आभार मानले, ज्यांनी मानला नाही त्यांचा छळ चालूच राहिला.

हा उतारा आम्ही सेमिनरीत शिकलो तेव्हा आईविषयीच्या पुत्राच्या कृतज्ञतेने भारावून गेलो होतो. आज वाचताना दोन गोष्टी टोचतात. पहिली अशी की पॅट्रिशियसने मोनिकेला कधी मारल्याचे कोणी ऐकले नाही, हे ऑगस्टीन मुद्दाम नोंदवतो. शेजारणींना नवल वाटले ते त्याचेच. म्हणजे मोनिका ही मार न खाल्लेली पत्नी आहे. तिच्या मौनाने पॅट्रिशियस आवरला गेला असेल. त्यावरून तेच मौन दुसऱ्या कोणाचा हात आवरील असे अनुमान काढता येत नाही. दुसरी गोष्ट त्या शेजारणींची. मार खाऊनही ज्यांनी सल्ला मानला नाही त्यांचे दुःख जणू त्यांच्याच आज्ञाभंगाचे फळ ठरले, आणि मारणाऱ्यांना त्या पानावर एक शब्दही ऐकावा लागला नाही. ऑगस्टीन मोठा, त्याची आई संत, याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे 'पदरी पडले पवित्र झाले' ही म्हण आधीच होती. तिला आम्ही मोनिकेच्या नावाने बाप्तिस्मा दिला.

त्याच शतकातील संत जॉन क्रिझोस्टम वाचला असता तर वेगळा सूर सापडला असता. करिंथकरांस पहिल्या पत्रावरील सव्विसाव्या प्रवचनात तो पत्नीवर हात उगारणे ही पुरुषाची पराकाष्ठेची अप्रतिष्ठा मानतो, आणि अशी वागणूक मिळालेल्या स्त्रीला त्या पुरुषासोबत राहण्याची सक्ती मूर्तिपूजकांचे कायदेदेखील करीत नाहीत, याची आठवण करून देतो. त्याच प्रवचनात तो सोसण्याचीही स्तुती करतो, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्याचे सोसण्याचे शब्द आमच्याकडे पोचले आणि दुसरे पोचले नाहीत, हे कसे?

चर्चचा कायदा या बाबतीत आमच्या प्रवचनांपेक्षा कितीतरी दयाळू आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील ११५३ वे कलम प्रत्येक धर्मगुरूने मुळातून वाचावे. पती किंवा पत्नीकडून दुसऱ्याच्या वा मुलांच्या शरीराला किंवा मनाला गंभीर धोका उत्पन्न होत असेल, अथवा सहजीवन फारच असह्य केले जात असेल, तर त्या दुसऱ्याला वेगळे होण्याचे न्याय्य कारण मिळते. त्यासाठी बिशपांचा आदेश घ्यावा. आणि विलंबात धोका असेल तर स्वतःच्या अधिकाराने निघावे. स्वतःच्या अधिकाराने! रात्री अकरा वाजता मुलांना घेऊन रिक्षात बसणाऱ्या स्त्रीला चर्चच्या कायद्याची परवानगी आधीच मिळालेली आहे. ती आमच्या परवानगीची वाट पाहत नाही, आणि पाहू नये. हा नियम आधुनिक काळाची सवलतही नव्हे: १९१७ च्या जुन्या संहितेतही क्रूरतेच्या कारणास्तव वेगळे होण्याची तरतूद होतीच. 'आमोरिस लेतित्सिया'च्या परिच्छेद २४१ मध्ये तर असे वेगळे होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यक असते असे म्हटले आहे.

याच कलमाचा दुसरा भाग, म्हणजे कारण संपल्यावर सहजीवन पुन्हा सुरू करावे हा, आमच्या हाती धोक्याचा ठरतो. नवऱ्याने माफी मागितली की कारण संपले, असे आम्ही घाईने ठरवतो. आमच्या मते कारण म्हणजे शेवटचा फटका नव्हे; कारण म्हणजे ती भीती. जक्कयाने नुसते अश्रू ढाळले नाहीत, चौपट परत केले. दारू सोडून वर्ष लोटले काय, पैशाचा हिशेब पत्नीच्या हाती आला काय, आपण मारले हे तो तिच्या भावापुढे 'पण' न जोडता सांगतो काय, हे पाहावे. आणि हे सर्व होऊनही तिला भीती वाटत असेल तर तिच्या भीतीवर विश्वास ठेवावा. तीच त्या घराला आमच्यापेक्षा अधिक ओळखते.

वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीला कम्युनियन घेता येत नाही, हा समज बेळगावपासून बडोद्यापर्यंत अनेक ठिकाणी आम्हांला आढळला आहे, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण काही ठिकाणी तो धर्मशिक्षकांनीच पसरवलेला आहे. तो निखालस चुकीचा आहे. वेगळे राहणे हा विवाहबंधनाचा भंग नाही. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २३८३ तर असे सांगतो की कायदेशीर हक्क, मुलांचे पालनपोषण किंवा मालमत्तेचे रक्षण यांसाठी दुसरा मार्ग नसेल तेव्हा दिवाणी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो व तो नैतिक अपराध ठरत नाही. पुनर्विवाहाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो धर्मन्यायालयापुढे जावयाचा. विवाहाआधीच हिंसा, फसवणूक वा बळजोरी असल्यास तो विवाह मुळात वैध होता काय, हे तपासता येते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुटसुटीत केली. पण ज्या रात्री स्त्री दारात उभी असते त्या रात्री यातले काहीही बोलण्याची गरज नसते.

देशाच्या कायद्याची कहाणीही बोधप्रद आहे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. पत्नीला मात्र केवळ क्रूरतेवर घटस्फोट मिळत नसे, क्रूरतेला पतीच्या व्यभिचाराची जोड असावी लागे. १९९५ साली केरळ व १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने या विषमतेवर घाव घातला आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले. एकशे बत्तीस वर्षे! गोव्याला हा कायदा लागू नाही. तेथे पोर्तुगीज काळापासून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. परंतु २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा गोव्यातही आहे, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश व तेलंगणातही. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. दंडाधिकारी संरक्षणाचा, राहत्या घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात.

पतीकडून 'नांदायला ये' अशी दाव्याची नोटीस आली की स्त्रिया घाबरून आमच्याकडे येतात. हा दावा मूळचा इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांचा. तेथून तो हिंदुस्थानात आला आणि १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर चालवला गेला. बालपणी लावून दिलेल्या विवाहात नांदावे अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे असा आदेश १८८७ साली झाला. त्या तुरुंगाला तयार झाल्या. हिंदू मुलीला जखडण्यासाठी ख्रिस्ती न्यायालयांची बेडी वापरली गेली, हे आम्ही लक्षात ठेवले पाहिजे. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने रद्द केला. आमच्या १८६९ च्या कायद्यात तो अजून आहे. नोटीस आल्यास वकील द्यावा व क्रूरता हे उत्तर म्हणून मांडावे. नोटीस म्हणजे अटक नव्हे, एवढे तरी त्या स्त्रीला कळले पाहिजे.

धर्मग्रामात काय करावे, याविषयी आमचा अनुभव तोकडा असला तरी सांगतो. दोघांना एकत्र बोलावू नये. नवऱ्यासमोर ती खरे बोलणार नाही, आणि बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजील. तिने सांगितलेले नवऱ्याच्या कानी घालू नये, सासूच्याही नाही. निघण्याची वेळ हीच सर्वांत धोक्याची असते, म्हणून कोणत्या दिवशी, कोणाकडे, हे ठरल्याशिवाय तिला 'आजच नीघ' असाही आग्रह धरू नये. जीवाला धोका असेल तर मात्र ११२. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पुस्तक, दवाखान्याचे कागद यांची एक पिशवी सिस्टरांकडे ठेवता येते. मार लागल्यास डॉक्टरकडे खरे कारण सांगून नोंद करावी. जिन्यावरून पडल्याची नोंद पुढे न्यायालयात तिच्याच विरुद्ध उभी राहते. आणि ती परत गेली तर, जे पुष्कळदा घडते, तिला दार बंद झाले असे वाटू देऊ नये.

चर्चची बदनामी होईल, झाकली मूठ सव्वा लाखाची, असे एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांला ऐकवले होते. ते सज्जन आहेत. पण या विषयात झाकली मूठ म्हणजे काय, याचा त्यांनी विचार केला नसावा.

सामान्य काळातील एकविसाव्या रविवारी, ब वर्षी, इफिसकरांस पत्राचा तो पाठ येतो; २०२४ साली तो येऊन गेला, यानंतर २२ ऑगस्ट २०२७ रोजी येईल, आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी मोनिकेची स्मृती. पाठसंग्रहात 'अधीन' हा भाग गाळलेला एक संक्षिप्त पर्यायही दिलेला आहे. अवघड वचन वगळले की काम सोपे होते, हे खरे. परंतु बाकांवरील पुरुषांनी ते आधीच पाठ केलेले असते. आम्ही पूर्ण पाठ वाचणार आहोत, एकविसाव्या वचनापासून, प्रवचनात मलाखीच्या उत्तरार्धासह; आणि घोषणांच्या वेळी, पुरुष व स्त्रिया सर्वच ऐकत असताना, १८१ हा क्रमांक दोनदा सांगणार आहोत.